विश्लेषण : लग्नाच्या 'सीडी'तले फोटो आता का वाचवायला हवेत? टीव्हीवरील स्लाइडशोमागचे तंत्र काय सांगते?

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत साधारण २००० नंतरची दहा-पंधरा वर्षे लग्नाच्या अल्बमसोबत आणखी एक वस्तू घरी येत असे. नवरा-नवरीचा फोटो छापलेल्या डबीतली चकचकीत डिस्क. आधी ती व्हीसीडी असायची, नंतर डीव्हीडी आली. पण घरोघर तिचे नाव 'सीडी'च राहिले. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे फोटो गाण्याच्या तालावर टीव्हीवर सरकत आणि सारे घर ते एकत्र बसून पाहत असे. आज यातील कित्येक डिस्क मध्येच अडकतात, काही उघडतच नाहीत. त्या चालवणारी यंत्रेही घरातून जात आहेत. या डिस्कमध्ये नेमके काय साठवलेले असते, ते का बिघडते आणि त्यातले काय वाचवता येते, याचा हा आढावा.

टीव्हीवरचा स्लाइडशो म्हणजे काय?

संगणकावर फोटो एकामागून एक लावायचे, प्रत्येक फोटो चार-पाच सेकंद दिसेल असे ठरवायचे, दोन फोटोंच्या मध्ये सरकपट्टी किंवा विरघळण्याचा परिणाम द्यायचा आणि मागे गाणे जोडायचे. ही सारी मालिका डीव्हीडीवर उतरवली, की प्लेअरमध्ये टाकून ती कोणत्याही टीव्हीवर पाहता येते. इंटरनेट लागत नाही, स्मार्टफोन लागत नाही. पाच सेकंदांच्या हिशेबाने १०० फोटो आठ मिनिटे २० सेकंदांत संपतात, ३०० फोटोंना २५ मिनिटे लागतात.

चित्रांची मालिका पडद्यावर दाखवण्याची हौस महाराष्ट्रात सिनेमापेक्षा जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांभरिक खरोलिका' या नावाने काचेवर हाताने रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. कंदिलाचा प्रकाश, भिंग, पडदा आणि सोबत निवेदन असा त्याचा थाट होता. डीव्हीडीने तीच गोष्ट घरातल्या टीव्हीवर आणली.

डिस्कवर फोटो असतात की व्हिडीओ?

खरा घोळ इथेच आहे. घरच्यांना वाटते, की डिस्कमध्ये फोटो सुरक्षित आहेत. प्रत्यक्षात दोन प्रकारच्या डिस्क असतात.

पहिल्या प्रकारात फोटोंच्या मूळ जेपीईजी फाइल जशाच्या तशा कॉपी केलेल्या असतात. अनेक डीव्हीडी प्लेअर अशा फाइल थेट वाचतात आणि रिमोटने पुढे-मागे करता येतात.

दुसरा प्रकार स्टुडिओच्या स्लाइडशोचा. यात फोटोंचा व्हिडीओ बनवलेला असतो. डिस्क संगणकात उघडली, की 'व्हिडीओ_टीएस' नावाचे फोल्डर दिसते आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा फाइल असतात. फोटो म्हणून वेगळी फाइल त्यात नसते.

फरक किती मोठा आहे, हे आकड्यांतून कळते. भारतात टीव्हीसाठी 'पाल' ही प्रणाली होती. तिच्यानुसार डीव्हीडीवरील चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते, म्हणजे एकूण ४ लाख १४ हजार ७२० बिंदू. १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्यातील फोटोत सुमारे १ कोटी २० लाख बिंदू असतात. म्हणजे स्लाइडशोत फोटोचा जवळपास एकोणतिसावा हिस्साच उरतो. त्यावर एमपीईजी-२ पद्धतीने व्हिडीओ दाबला जातो, त्यात आणखी बारकावे जातात. व्हीसीडी असेल तर चित्र आणखी लहान, ३५२ बाय २८८ बिंदूंचे.

जुन्या, फुगीर काचेच्या टीव्हीवर हे खटकत नव्हते, कारण टीव्हीची क्षमताच तेवढी होती. अडचण पुढे येते. घरातले आजोबा जातात, तेरवीपूर्वी फ्रेमसाठी चांगला फोटो शोधला जातो आणि आठवते, की नातवाच्या लग्नात ते फेटा बांधून बसले होते. डिस्कमधून ते चित्र काढले, तर चांगल्या छपाईत ते जेमतेम अडीच इंच रुंद निघते. मोठे केले की चेहऱ्यावर चौकटी दिसू लागतात. म्हणून डिस्क पाहण्यासाठी होती, साठवण्यासाठी नव्हती, हे समजून घेणे गरजेचे आहे.

चेहरे रुंद का दिसतात? बाजूची माणसे कापली का जातात?

जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन या प्रमाणात होता, नव्या एलईडी टीव्हीचा सोळास नऊ आहे. जुना स्लाइडशो नव्या टीव्हीवर ताणला गेला, की माणसे बुटकी आणि जाड दिसतात. डिस्क बिघडलेली नसते. टीव्हीच्या रिमोटवरील चित्राच्या आकाराची सेटिंग ४:३ केली, की चेहरे पूर्ववत होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील, तेच योग्य आहे.

कडा कापल्या जाण्याचे कारण वेगळे. बरेच टीव्ही, विशेषतः जुने, चित्राचा चहूबाजूंचा थोडा भाग पडद्याबाहेर ढकलतात. म्हणूनच समूहाच्या फोटोत टोकाला उभे असलेले मामा टीव्हीवर दिसत नाहीत. जाणकार स्टुडिओवाले फोटोच्या चारही बाजूंना मोकळी जागा सोडून स्लाइडशो बनवत. नव्या टीव्हीत ही काटछाट बंद करण्याचा पर्याय बहुधा असतो.

साडीचे बारीक काठ किंवा मांडवातील बांबूचा तट्टा टीव्हीवर लुकलुकताना दिसतो, त्यामागे पालची रचना आहे. चित्राच्या ५७६ ओळी एकदम दाखवल्या जात नाहीत. आधी एकाआड एक २८८ ओळी, मग उरलेल्या २८८, अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० वेळा येतात. एकाच ओळीत मावणारी बारीक रेघ त्यामुळे एकदा दिसते, एकदा नाही.

डिस्क खराब कशामुळे होते?

दुकानातली चित्रपटाची डीव्हीडी कारखान्यात साच्यातून छापलेली असते. स्टुडिओने 'राइट' केलेली डिस्क तशी नसते. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लेझर त्या थरावर जळल्यासारख्या खुणा उमटवतो आणि त्याच खुणा पुढे वाचल्या जातात. प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लास्टिक चकत्यांमध्ये हा थर आणि प्रकाश परतवणारा धातूचा थर चिकटवलेला असतो. रंगद्रव्य उष्णता आणि प्रकाशाने फिके पडते, धातू ओलाव्याने गंजतो आणि मधला चिकट थर सुटू लागतो.

कॅनडाच्या संवर्धन संस्थेने विविध डिस्कचे अंदाजे आयुष्य मांडले आहे. त्यात चंदेरी थराच्या साध्या डीव्हीडी-आरसाठी १० ते २० वर्षे असा अंदाज आहे. हा अंदाज चांगल्या साठवणीचा. २००५ ते २०१५ दरम्यान बनलेल्या डिस्क आज नेमक्या याच टप्प्यात किंवा त्यापलीकडे आहेत.

त्यात या दोन जिल्ह्यांचे हवामान डिस्कला साथ देणारे नाही. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणे नवे नाही. टिनाच्या छताखालची खोली त्याहून तापते. उन्हाळाभर कूलर चालतो, त्याने खोली गार होते, पण हवेत ओलावा भरतो. आणि टीव्ही, त्याखालची शोकेस आणि शोकेसमधल्या डिस्क बहुतेक त्याच खोलीत असतात. पावसाळ्यात ओल मुरते. भामरागडसारख्या ठिकाणी पर्लकोटा नदीचे पाणी वस्तीत शिरते, चंद्रपुरात इरई नदीकाठच्या घरांना पुराचा धोका असतो. पेटीतल्या कागदपत्रांसोबत अल्बम आणि डिस्कही भिजतात.

काही नुकसान हातानेही होते. डिस्कवर चिकटवलेला कागदी स्टिकर कालांतराने आक्रसतो आणि तोल बिघडवतो. टोकदार बॉलपेनने नाव लिहिल्याने थर दबतो. बोटांचे ठसे बाहेरच्या कडेला जास्त लागतात. डिस्कवरील नोंद आतून बाहेर जात असल्याने त्याचा फटका शेवटच्या भागाला बसतो. हळद नीट दिसते आणि पाठवणी आली की चित्र अडकते, असे अनेकदा होते ते त्यामुळेच.

घाई कशासाठी?

दोन गोष्टी एकाच वेळी संपत आहेत. डिस्क जुनी होत आहे आणि ती वाचणारी साधनेही मागे पडत आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह नसते. अनेक नव्या टीव्हींना पिवळी-लाल-पांढरी पिन लावण्याच्या जागा नाहीत. भारतात घरोघर पोहोचलेल्या डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात गेली. अमेरिकेत नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन बंद केले. स्लाइडशो बनवणाऱ्यांच्या परिचयाचे 'प्रोशो' सॉफ्टवेअर बनवणारी फोटोडेक्स कंपनी जानेवारी २०२० मध्ये बंद झाली. विंडोज ७ मध्ये असलेले 'डीव्हीडी मेकर' विंडोज ८ पासून काढून टाकले गेले.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. १९९० च्या दशकातील लग्नांची निगेटिव्ह कुठेतरी सापडते. अलीकडच्या लग्नांचे फोटो दहा जणांच्या मोबाइलमध्ये असतात. मधल्या काळात निगेटिव्ह नव्हती आणि मोबाइलचे कॅमेरे कामापुरतेच होते. स्टुडिओची मेमरी कार्डे पुढच्या लग्नासाठी रिकामी केली जात, हार्ड डिस्कही काही काळाने पुसली जात असे. त्यामुळे छापील अल्बम आणि ही डिस्क एवढेच पुरावे उरतात.

हे केवळ लग्नांपुरते नाही. वडसा-देसाईगंज केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीचे प्रयोग, शाळांची स्नेहसंमेलने, मार्कंडा येथील महाशिवरात्रीची यात्रा, चंद्रपूरची महाकाली यात्रा, गावातले बारसे आणि निरोप समारंभ यांचे त्या काळातले फोटोही अशाच डिस्कवर पडून आहेत. प्रयोग संपला, मंडळी पांगली आणि डिस्क एखाद्या कलावंताच्या ट्रंकेत राहिली, असे त्यांचे स्वरूप आहे.

जुनी डिस्क कशी वाचवायची?

टीव्हीवर डिस्क लावून मोबाइलने पडद्याचे चित्रण करणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे. डिस्कमधील फाइल थेट कॉपी करणे सोपे आहे आणि त्यात दर्जा तसूभरही कमी होत नाही.

पहिली पायरी स्वच्छतेची. मऊ सुती कापडाने डिस्क मधल्या छिद्राकडून बाहेरच्या कडेकडे सरळ रेषेत पुसावी. गोल फिरवून पुसल्यास ओरखडा नोंदीच्या दिशेने पडतो आणि तो वाचताना जास्त त्रास देतो. टूथपेस्ट घासण्याचा घरगुती उपाय टाळावा. पुरात भिजलेली डिस्क स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली ठेवू नये.

दुसरी पायरी कॉपीची. लॅपटॉपला यूएसबीने जोडता येणारी बाहेरची डीव्हीडी ड्राइव्ह मिळते. ती नसेल तर झेरॉक्स दुकान, संगणक केंद्र किंवा जुना डेस्कटॉप असलेले शेजारी कामी येतात. डिस्क उघडून 'व्हिडीओ_टीएस' हे संपूर्ण फोल्डर संगणकावर कॉपी करावे. घरगुती डिस्कला चित्रपटासारखे कुलूप नसते, त्यामुळे कॉपी होते. डिस्कवर फोटोंचे वेगळे फोल्डर दिसले, तर तेच आधी घ्यावे. खरा ऐवज तो आहे.

तिसरी पायरी रूपांतराची. 'हँडब्रेक' या मोफत सॉफ्टवेअरने त्या फोल्डरची एमपी४ फाइल होते. ती मोबाइलवर आणि टीव्हीवर चालते. मात्र रूपांतरात थोडा दर्जा जातोच, म्हणून मूळ फोल्डर पुसू नये. व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडीओ थांबवून हव्या त्या चित्राचा स्नॅपशॉट घेता येतो.

कॉपी मध्येच अडकली, तर निराश होण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये डिस्क टाकून पाहावी. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरी ड्राइव्ह वाचते, हा सर्वसाधारण अनुभव आहे. डिस्क राइट केल्यानंतर ती 'फायनलाइज' झालेली नसेल, तर प्लेअर तिला कोरी समजतो. संगणकावर मात्र ती कधी कधी उघडते.

डिस्क उघडलीच नाही तर?

तेव्हा अल्बमकडे वळावे. छापील फोटो स्लाइडशोपेक्षा सरस असतो. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० डीपीआयवर स्कॅन केला, तरी २१ लाख ६० हजार बिंदू मिळतात, म्हणजे डीव्हीडीवरील चित्राच्या पाचपटींहून अधिक. स्कॅन करताना दुकानदाराला तीन गोष्टी सांगाव्यात : रंगीत, ६०० डीपीआय आणि फाइल पीडीएफ नको, जेपीईजी हवी. निगेटिव्ह असेल तर ती सर्वांत उत्तम. ती टाकून देऊ नये.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओकडेही एकदा चौकशी करावी. काहींकडे जुन्या हार्ड डिस्क पडून असतात. तारीख, गाव आणि कार्यालयाचे नाव सांगितले, तर शोधणे सोपे जाते.

आज नवा स्लाइडशो करायचा असेल तर?

अहेरी, एटापल्ली, भामरागडकडील अनेक गावांत मोबाइल नेटवर्कचा आजही भरवसा नाही. पुण्या-नागपुरात शिकणाऱ्या मुलांनी पाठवलेली लिंक आजी-आजोबांना उघडत नाही. टीव्ही मात्र घरात असतो. अशा घरांसाठी स्लाइडशो आजही उपयोगी आहे, फक्त माध्यम बदलले आहे.

टीव्हीला यूएसबीची जागा असेल, तर पेनड्राइव्ह सर्वांत सोपा. मोबाइलवरील किंवा संगणकावरील कोणत्याही एडिटिंग ॲपने १९२० बाय १०८० आकाराचा एमपी४ व्हिडीओ बनवावा. त्यातील चित्र डीव्हीडीच्या पाचपट स्पष्ट असते. पेनड्राइव्ह 'फॅट३२' प्रकारात असेल, तर एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी चालत नाही. व्हिडीओ न बनवता नुसते फोटो टाकले, तरी टीव्ही ते एकामागून एक दाखवतो. फाइलना ००१, ००२ असे आकडे दिले, की क्रम चुकत नाही. आयफोनचे एचईआयसी फोटो बहुतेक टीव्ही उघडत नाहीत, ते आधी जेपीईजी करावेत.

फोटो गोळा करतानाही काळजी हवी. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, तर मूळ आकारात मिळतो.

डीव्हीडीच हवी असेल तर?

घरी जुना टीव्ही आणि चालू प्लेअर असेल, तर डीव्हीडीही बनवता येते. 'डीव्हीडीस्टायलर' हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. सुरुवातीला पाल निवडावे. टीव्ही जुना असेल तर ४:३, नवा असेल तर १६:९ ठेवावे. मजकूर आणि चेहरे कडेपासून आत असावेत. मराठी मथळ्यांची अक्षरे मोठी आणि जाड हवीत. बारीक अक्षरातील मात्रा आणि अनुस्वार जुन्या टीव्हीवर हरवतात. राइट करताना सर्वाधिक वेग न निवडता मधला निवडावा आणि शेवटी फायनलाइज करावे.

सर्वांत उपयुक्त सवय म्हणजे त्याच डिस्कवर मूळ फोटोंचे फोल्डरही टाकणे. साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी जागा असते. अर्ध्या तासाच्या स्लाइडशोला सव्वा जीबीच्या आसपास पुरते. चार एमबीचे ३०० फोटो आणखी सव्वा जीबी घेतात. म्हणजे दोन्ही आरामात मावतात. टीव्हीचा प्लेअर स्लाइडशो दाखवतो, संगणकावर मूळ फोटो मिळतात. स्टुडिओला आधीच सांगितले, तर ते हे सहज करून देतात. मागणी मात्र राइट करण्यापूर्वी करायला हवी.

मग फोटो ठेवायचे कुठे?

एकाच ठिकाणी नाही, एवढे पक्के. पेनड्राइव्ह ने-आण करण्यासाठी आहे, वर्षानुवर्षे साठवण्यासाठी नाही. व्यवहारात तीन प्रती पुरतात : एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन साठवणीत आणि एक दुसऱ्या गावातील नातेवाइकाकडे. पुराचा किंवा आगीचा धोका एकाच वेळी दोन्ही घरांना नसतो. डिस्क ठेवायचीच, तर डबीत, उभी, भिंतीच्या ओलीपासून आणि कूलरच्या झोतापासून दूर ठेवावी. नाव लिहायला मऊ टोकाचा मार्कर वापरावा.

कॉपी झाल्यावर एक काम उरते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांसोबत बसून करायचे असते. स्लाइडशो टीव्हीवर लावावा आणि प्रत्येक फोटोत कोण आहे, कोणत्या गावचे आहे, नाते काय, हे विचारून लिहून घ्यावे. फाइलच्या नावात वर्ष, गाव आणि प्रसंग घालावा. डिस्कमधले चित्र वाचवता येते. पण मागच्या रांगेत उभी असलेली बाई कोण, हे सांगणारे माणूस गेले, तर ते कोणत्याही सॉफ्टवेअरने सापडत नाही.